यादीतलं नाव

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

व्यासपीठावर बसलेले आपले सगळे सर आणि बाई, आणि १९९४ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,



माईकपुढे उभं राहायची माझी ही दुसरी वेळ. पहिली वेळ सातवीत. वक्तृत्व स्पर्धेत 'माझ्या आजच्या भाषणाचा विषय' एवढं म्हटलं आणि पुढचं काही आठवेना, म्हणून रडत खाली आले. तेव्हा मराठीच्या बाईंनी पाठीवर हात ठेवला होता. बाई आज पहिल्याच रांगेत आहेत, म्हणून थोडा धीर आहे.

आजचा विषय मी निवडलेला नाही, आपल्या इतिहासाच्या सरांनी दिला आहे. का दिला, ते आपल्या ग्रुपवर असलेल्या सगळ्यांना माहीत आहे. २६ जानेवारीला सकाळी झेंड्याचे फोटो येत होते. त्यात आपल्यातल्या एकाने लिहिलं, "लोकशाही, मानवी हक्क हे सगळं पाश्चात्त्यांचं. आपल्या संस्कृतीत हक्क नव्हते, कर्तव्यं होती, आणि तेच बरं होतं." मी ऑफिसला निघायच्या घाईत होते. "अर्धवट वाचून लिहू नये," असं लिहून मोकळी झाले. संध्याकाळी पाहिलं तर तो ग्रुपमधून बाहेर पडला होता. दोन दिवसांनी सरांचा फोन आला. म्हणाले, "तू त्याला उत्तर दिलं नाहीस, नुसतं गप्प केलंस. आता मेळाव्यात बोल. त्यालाही मी बोलावलंय."

तो आला आहे. तिसऱ्या रांगेत बसला आहे. अरे, तुझी आधी माफी मागते. तू विचारलेला प्रश्न खोटा नव्हता. फक्त त्याला माझ्याकडे एका ओळीत मावणारं उत्तर नव्हतं. आज पंचवीस मिनिटं मिळाली आहेत, तर प्रयत्न करते.

मी इतिहासाची अभ्यासक नाही. इंजिनिअरिंग केलं आणि वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझं काम सोप्या शब्दांत सांगायचं तर असं: एका देशात बनलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या देशातल्या माणसाला आपलं वाटेल असं करायचं. नुसते शब्द बदलून ते होत नाही. आपण १२,३४,५६७ असा स्वल्पविराम देतो, अमेरिकेत तीन-तीन आकड्यांवर देतात. ते आधी महिना लिहितात, आपण आधी तारीख. अरबी उजवीकडून लिहितात, म्हणजे सगळा स्क्रीनच आरशासारखा उलटा करावा लागतो. जपानी माणूस आधी आडनाव सांगतो. इंडोनेशियात कित्येकांना आडनावच नसतं. त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्णो, नाव एवढंच. 'आडनाव भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही' असा फॉर्म केला, तर त्या माणसाने काय करायचं?

म्हणजे 'एका ठिकाणी बनलेली गोष्ट दुसरीकडे चालते का?' हा प्रश्न मला रोज पगार देतो. आणि खरं सांगायचं तर मानवी हक्कांचा जाहीरनामा मी पहिल्यांदा वाचला तो याच कामात. संयुक्त राष्ट्रांचा तो जाहीरनामा पाचशेहून जास्त भाषांत गेला आहे. इतक्या भाषांत उपलब्ध असलेला दुसरा मजकूर मिळणं कठीण, म्हणून लिप्या नीट दिसतात की नाही हे तपासायला आमच्या क्षेत्रात त्याची भाषांतरं वापरतात. युनिकोडवाल्यांकडे तशी शेकडो भाषांतरं जमवलेली आहेत. मी मराठीतलं पहिलं कलम स्क्रीनवर आणून जोडाक्षरं तपासत बसायचे. रफार नीट बसला का, रस्व वेलांटी जागेवर आली का. अर्थाकडे लक्ष जायला बरीच वर्षं लागली.

आता आपल्या मित्राचं म्हणणं मी आधी नीट मांडते, त्याच्यापेक्षा जास्त जोर लावून. कारण त्यात तथ्य आहे.

पहिली गोष्ट. हा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये मंजूर झाला. तेव्हा संयुक्त राष्ट्रांत ५८ देश होते. आफ्रिकेतला बहुतेक भाग आणि आशियातला बराच भाग तिथे नव्हताच, कारण तो कुणाच्या तरी ताब्यात होता. आणि ज्यांच्या ताब्यात होता त्या ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स यांनी 'सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान' या अर्थाच्या मजकुराला पाठिंबा दिला. याला दुटप्पीपणा म्हणायचं नाही तर काय?

दुसरी गोष्ट. १९४७ मध्येच अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने आयोगाला निवेदन पाठवून शंका काढली होती, की प्रत्येक समाजाची मूल्यं वेगळी, मग सगळ्या जगासाठी एकच यादी तुम्ही कशी करणार? ही शंका अडाणी माणसांची नव्हती, जग फिरून पाहिलेल्यांची होती.

तिसरी. बंदुकीच्या जोरावर लोकशाही पोचवायला गेलेल्यांचं काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलं. २००३ मध्ये इराक. अफगाणिस्तानात वीस वर्षं काढून २०२१ मध्ये काबूल काही दिवसांत हातचं गेलं.

आणि चौथी गोष्ट कर्तव्यांची. याच काळात युनेस्कोने जगातल्या विचारवंतांना मानवी हक्कांवर मत विचारलं होतं. गांधीजींनी मे १९४७ मध्ये छोटंसं उत्तर पाठवलं. त्याचा आशय असा, की हक्क हे नीट पाळलेल्या कर्तव्यातून येतात, हे मी माझ्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो. तेव्हा मित्रा, तुझ्या बाजूला मोठी माणसं आहेत.

हे सगळं मान्य करूनही मला तुझं म्हणणं का पटत नाही, ते आता सांगते.

तो जाहीरनामा लिहिणाऱ्या आयोगात कोण होतं ते पाहू. अध्यक्ष अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट. त्यांच्यासोबत चीनचे पी. सी. चँग, लेबनॉनचे चार्ल्स मलिक, आणि भारताच्या हंसा मेहता. सुरतेत जन्मलेल्या, आपल्या संविधान सभेच्या सदस्य. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री देशातल्या स्त्रियांच्या वतीने संविधान सभेला राष्ट्रध्वज देणाऱ्या त्याच. आयोगात रूझवेल्ट यांच्याखेरीज स्त्री प्रतिनिधी त्या एकट्याच होत्या. मसुद्यात इंग्रजीत 'ऑल मेन' असं होतं. हंसाबेन अडून बसल्या. 'मेन' म्हटलं की सगळी माणसं आलीच, असं समजावलं गेलं असणारच. आपल्यालाही कायम तसंच समजावतात. पण हंसाबेनना आपल्याकडचा अनुभव होता, की हा शब्द ठेवला तर उद्या कुणीतरी तो शब्दशः वाचेल आणि बायकांना बाहेर ठेवेल. शेवटी तिथे 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आलं. म्हणजे पाश्चात्त्य म्हणून ज्या मजकुराला आपण दूर ठेवतो, त्याच्या पहिल्याच ओळीत आपल्याकडच्या एका बाईने केलेली दुरुस्ती आहे.

मतदान झालं. ४८ बाजूने, विरोधात कुणी नाही, आणि ८ तटस्थ. तटस्थांत सोव्हिएत गटातले देश होते, सौदी अरेबिया होता आणि दक्षिण आफ्रिका होती. सौदीचा आक्षेप धर्म बदलण्याच्या स्वातंत्र्यावर आणि लग्नाच्या कलमावर होता. तो म्हणजे सगळ्या मुसलमान समाजाचा आवाज, असं वाटेल. पण पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान त्याच सभागृहात उठून धर्मस्वातंत्र्याच्या बाजूने बोलले, तेही इस्लामचाच आधार घेऊन. आणि दक्षिण आफ्रिका का गप्प राहिली? तिथे त्याच वर्षी वर्णद्वेषाचं धोरण उघडपणे राबवणारं सरकार आलं होतं. 'आमची पद्धत वेगळी आहे' असं म्हणणाऱ्यांत गोरे लोकही होते, ही गोष्ट आपण विसरतो.

इथे मला पहिला धागा सापडतो. 'आमच्या संस्कृतीत हे बसत नाही' असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा विचारायचं, की बोलतंय कोण? घरातला कोण?

यासाठी फार लांब जायला नको. आठवीतली आपली सहल आठवा. एसटीची लाल गाडी, रायगड उतरून पाय मोडलेले, आणि परत येताना सरांनी महाडमध्ये गाडी थांबवली. म्हणाले, खाली उतरा, तळं बघायचंय. आपण कुरकुरत उतरलो. तळ्यात काय बघायचं? त्यापेक्षा भेळ खाऊ. सरांनी काठावर उभं राहून दहा मिनिटं सांगितलं, आणि आपण निम्मं ऐकलं. मी राहिलेलं निम्मं मोठेपणी वाचून काढलं.

मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क आला, पण पाण्याला हात लावायची कुणाची छाती होईना. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याची 'शुद्धी' झाली. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी तिची तुलना १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रसभेशी केली. म्हणजे महाडच्या मांडवात फ्रान्सचं नाव घेताना त्यांना काही परकं वाटलं नाही.

विरोधक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं होतं, की ही फार पूर्वीपासूनची वहिवाट आहे. म्हणजे आजच्या भाषेत, ही आमची संस्कृती आहे. दहा वर्षं खटला चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, की अशी अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध झालेली नाही.

मला या गोष्टीत दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, तळ्यावर पाणी प्यायला गेलेली माणसं त्याच तालुक्यांतली, त्याच मातीतली होती. ती काही परदेशी नव्हती. संस्कृती जर सगळ्यांची, तर मग त्यांचीही होती. दोन, नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस त्यांच्या बाजूने उभे होते. गं. नी. सहस्रबुद्धे डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडायला पुढे आले. म्हणजे वरच्या जातींतही 'आमची संस्कृती' या शब्दांचा अर्थ एकच नव्हता.

आणि हे सगळं पॅरिसच्या जाहीरनाम्याच्या एकवीस वर्षं आधी. त्याहूनही मागे गेलं तर महात्मा फुले भेटतात. त्यांनी तरुणपणी टॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. म्हणजे या विचाराचं मराठीत भाषांतर व्हायला कुणी परवानगी द्यायची वाट पाहिली नाही. ज्यांना गरज होती त्यांनी ते करून टाकलं.

आता 'हक्क' या शब्दाकडे या. मुळात अरबीतला, फारसीतून आपल्याकडे आलेला. जुन्या मराठी कागदपत्रांत तो सतत येतो: देशमुखाचे हक्क, पाटलाचे हक्क, बलुतेदारांचे हक्क. तेव्हा मित्रा, आपल्याकडे हक्क नव्हते हे खरं नाही. भरपूर होते. फक्त ते वतनाला चिकटलेले होते. तू कुणाच्या पोटी जन्मलास, गावात तुझं काम काय, यावर तुझा हक्क ठरायचा. कर्तव्यंही तशीच जन्माने वाटलेली. फुल्यांनी आणि बाबासाहेबांनी शब्द जुनाच ठेवला आणि त्याच्यापुढचं विशेषण बदललं. वतनदाराचा हक्क जाऊन माणसाचा हक्क आला. बदल एका शब्दाचा, पण त्याने तळ्याचा काठ बदलला.

कर्तव्याबद्दल माझं म्हणणं एवढंच. गांधीजींनी ते स्वतःला लावून सांगितलं, ते सुंदर आहे. पण ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने ज्याच्या हातात नाही त्याला कर्तव्य शिकवायला सुरुवात केली, की मला भीती वाटते.

नव्वदच्या दशकात आशियात हाच वाद झाला. १९९४ मध्ये सिंगापूरचे ली क्वान यू एका मुलाखतीत म्हणाले, की पूर्वेकडच्या समाजांत कुटुंब आणि शिस्त आधी, पाश्चात्त्य पद्धत इथे जशीच्या तशी चालणार नाही. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात दक्षिण कोरियाच्या किम दे-जुंग यांनी उत्तर लिहिलं. या माणसाला लष्करी राजवटीने १९८० मध्ये फाशीची शिक्षा सुनावली होती. त्यांनी पाश्चात्त्य पुस्तकं पुढे केली नाहीत. मेन्शियस काढला, कोरियातली डोंगहाक परंपरा काढली, आणि म्हणाले, जनता राजापेक्षा मोठी हे आमच्याकडेही सांगितलेलं आहे. १९९८ मध्ये तेच किम मतदानाने निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाले. ज्याला तुरुंग भोगावा लागतो, त्याला 'आमच्या संस्कृतीत स्वातंत्र्य बसत नाही' असं कधी वाटत नाही. असं वाटतं ते तुरुंगाच्या किल्ल्या ज्याच्याकडे असतात त्याला.

आणि ते मानववंशशास्त्रज्ञ? त्यांच्या संघटनेने १९९९ मध्ये मानवी हक्कांच्या बाजूचा जाहीरनामा काढला. शंका काढणाऱ्यांनीच विचार बदलला. त्याला बावन्न वर्षं लागली, पण बदलला.

मग सगळं जसंच्या तसं उचलून आणायचं का? नाही. इथे माझं रोजचं काम कामाला येतं. काय बदलायचं आणि काय बदलायचं नाही, हे ठरवणं म्हणजेच भाषांतर. आपल्या पहिल्या निवडणुकीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२. मतदार सुमारे १७ कोटी ३० लाख. साक्षरता सुमारे १८ टक्के. इंग्लंडमध्ये उमेदवाराचं नाव वाचून खूण करायची पद्धत. इथे नाव वाचणार कोण? मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी पद्धत बदलली. प्रत्येक उमेदवाराला चिन्ह दिलं. प्रत्येकाची वेगळी पेटी, तिच्यावर ते चिन्ह. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा, आणि बोटाला न पुसणारी शाई. पाश्चात्त्य देशांत मताचा हक्क टप्प्याटप्प्याने आला, आधी मालमत्तावाल्यांना, मग बाकीच्यांना, बायकांना सर्वांत शेवटी. आपण पहिल्याच दिवशी सगळ्यांना दिला. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळालं ते १९७१ मध्ये. तेव्हा कुणी कुणाची नक्कल केली हा प्रश्न जरा जपून विचारावा.

पण एका ठिकाणी सेन हटले नाहीत. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान अशा भागांत याद्या करताना अनेक बायकांनी आपलं नावच सांगितलं नाही. परक्या पुरुषाला नाव सांगायचं नसतं, ही रीत. त्यांनी नोंदवलं, 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको'. सेन यांनी सांगितलं, हे चालणार नाही, स्वतःचं नाव हवं. सुमारे आठ कोटी महिला मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख जणींची नावं शेवटी यादीतून वगळली गेली.

हे वाचलं तेव्हा मला सेन यांचा राग आला. एवढी चिन्हं काढलीत, पेट्या बनवल्यात, मग बायकांच्या रीतीसाठी थोडं वाकायला काय झालं होतं? २८ लाख जणींचं मत गेलं, हे नुकसान लहान नाही. अजूनही मला ते पूर्ण पचलेलं नाही. पण सेन यांचा विचार मला हळूहळू समजला. पेटी, चिन्ह, शाई ही सगळी वाट होती, ती बदलता येते. मत मात्र कुणाचं तरी असतं, आणि 'अमक्याची आई' ही व्यक्ती यादीत असूच शकत नाही, कारण अमका बदलला की ती नाहीशी होते. माझ्या कामातही तसंच आहे. तारीख, लिपी, आकडे, रंग, सगळं देशाप्रमाणे बदला. पण एखाद्या समाजात बायकोचं सगळं नवऱ्याला माहीत असायची रीत आहे, म्हणून तिचा पासवर्ड त्याला दाखवायचा नाही. खातं तिचं आहे.

हे सगळं मी फार शहाणपणाने सांगते आहे असं वाटेल. आता माझी चूक ऐका.

या मेळाव्याची यादी करायचं काम माझ्याकडे होतं. तुम्ही सगळ्यांनी तो ऑनलाइन फॉर्म भरलात. हजेरीपटाप्रमाणे आपण ६२ जण. ३६ मुलगे, २६ मुली. मुलगे तीन आठवड्यांत सापडले. मुली सापडायला पाच महिने लागले, आणि १९ च सापडल्या. कारण सरळ आहे. माझ्या यादीत जी नावं होती त्या नावांच्या बायका आता कुठेच नव्हत्या. आडनाव बदललेलं, मधलं नाव बदललेलं, काहींचं तर पहिलं नावही लग्नात तांदळात लिहून बदललेलं. आणि मी फॉर्म कसा केला होता? नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. तिन्ही रकाने सक्तीचे. जगभरच्या नावांचे फॉर्म दुरुस्त करून पगार घेणारी बाई, आणि स्वतःच्या वर्गाच्या फॉर्ममध्ये मधला रकाना मोकळा सोडायचं सुचलं नाही.

एका मैत्रिणीचा फोन आला. म्हणाली, "मधल्या नावात काय लिहू? माझं जरा अवघड आहे." ती कोण हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या लक्षात येईल. तिने सांगायला परवानगी दिली आहे. म्हणाली, गोष्ट सांग, नाव मात्र आत्ता घेऊ नकोस, ते हजेरीच्या वेळी येऊ दे.

नववीची परीक्षा झाली आणि जूनमध्ये ती शाळेत आली नाही. पहिल्या बाकावर माझ्या शेजारी बसायची. भूमितीत माझ्यापेक्षा हुशार. आपल्याला कळलं, तिचं लग्न ठरलं. आपण काय केलं? चॉकलेट कुणी आणणार, अशी चर्चा केली. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मी ज्या वर्षी जन्मले त्या १९७८ मध्येच कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय अठरा झालेलं होतं. ती पंधरा वर्षांची होती. कायदा होता. जाहीरनाम्याच्या सोळाव्या कलमात दोघांची मोकळी संमती हवी हेही होतं. आपण नागरिकशास्त्रात ते मूलभूत हक्क पाठ करून पाचपैकी पाच मार्क मिळवले होते. आणि बाक रिकामा झाला तर बाजूची मुलगी तिथे सरकली.

एक माणूस मात्र तिच्या घरी गेला. इतिहासाचे सर. हे मला तिने आता, तीस वर्षांनी सांगितलं. सरांनी कधीच सांगितलं नव्हतं. सर ओसरीवर बसले, चहा घेतला, तिच्या वडिलांना म्हणाले, एक वर्ष थांबा, दहावी होऊ द्या. वडील वाईट माणूस नव्हते. हात जोडून म्हणाले, "सर, तुमचं पटतं, पण आमच्यात अशीच पद्धत आहे." ती दाराआड उभी राहून ऐकत होती. मी फोनवर विचारलं, तुला काय वाटत होतं तेव्हा? ती थोडं थांबली आणि म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी शाळा म्हटलं असतं. पण सरांनी बाबांना विचारलं, बाबांनी आजोबांना विचारलं. मला कुणी विचारलंच नाही."

सर, तुम्ही गेलात, हे तिच्यासाठी फार मोठं होतं. तिने ते मला दोनदा सांगितलं. पण तिचं हे वाक्य माझ्या सगळ्या वाचनापेक्षा जड आहे. 'आमच्यात' या शब्दात ती होती की नव्हती? पद्धत तिची होती, तर तिचं मत का लागलं नाही? आणि ती 'शाळा' म्हणाली असती, तर ते पाश्चात्त्य झालं असतं का? तिने तर तेव्हा पॅरिसचं नावही ऐकलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. नवऱ्याशी पटलं नाही, ती दोन मुलींना घेऊन वेगळी झाली. म्हणून मधला रकाना अवघड. गावात बायकांसाठी राखीव जागा आली तेव्हा ती भावाच्या आग्रहाने उभी राहिली आणि ग्रामपंचायतीत निवडून आली. पहिलं वर्षभर बैठकीला भाऊ जायचा आणि रजिस्टर सहीला घरी यायचं. मग एकदा तिच्या वाडीची नळाची लाइन यादीतून गळली. ती सही न करता रजिस्टर हातात घेऊन बैठकीला गेली आणि खुर्चीवर बसली. लोकशाही कागदावर १९५० ला आली, राखीव जागा १९९३ च्या घटनादुरुस्तीने आल्या, पण त्या वाडीत भाषांतर त्या दिवशी पुरं झालं. तिच्या दोन्ही मुली शिकतायत. मोठी एकवीस वर्षांची आहे आणि तिच्या लग्नाचा विषय काढायची कुणाची टाप नाही.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. लोकशाही आणि हक्क एका संस्कृतीतून दुसरीत आपोआप जात नाहीत. सैन्याबरोबर पाठवले तर मुळीच जात नाहीत. नुसत्या कायद्यानेही जात नाहीत. आपला वर्ग त्याचा पुरावा आहे. ते जातात, जेव्हा त्या घरातलाच कुणी, ज्याला आजवर विचारलं नव्हतं, तो म्हणतो की मलाही विचारा. आणि असं म्हणणारं माणूस मला अजून एकाही संस्कृतीत नाही असं दिसलेलं नाही. त्याची भाषा शोधणं, त्याची चिन्हं आणि पेट्या शोधणं, हे काम ज्याच्या त्याच्या मातीतच करावं लागतं. तिथे तुझं म्हणणं खरं आहे, आणि तिथे मला तुझ्याकडून शिकायचं आहे. तू गावात राहतोस, शेती करतोस, सोसायटीचा कारभार पाहतोस. मी पुण्यात बसून फॉर्म करते. ग्रुपवर परत ये.

शेवटी एक विनंती. अजून सात मुली सापडलेल्या नाहीत. त्यांची हजेरीपटावरची नावं या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर छापली आहेत. कुणाची नणंद असेल, कुणाची जाऊ असेल, कुणाच्या शेजारी राहत असेल. घरी गेल्यावर ते पान बायकोला, आईला, बहिणीला दाखवा आणि विचारा. फॉर्म मी दुरुस्त केला आहे. आता त्यात एकच रकाना आहे: 'तुमचं नाव, तुम्ही सांगाल तसं.' आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही लागतं. म्हणजे सरकारी फॉर्मही बदलतात, फक्त वेळ लागतो.

मी त्या मैत्रिणीला विचारलं होतं, मग तुझं काय नाव लिहू? म्हणाली, "शाळेतलं लिही. त्या नावाने मला तीस वर्षांत कुणी हाक मारलेली नाही."

सर आता आपली हजेरी घेणार आहेत. जुन्याच हजेरीपटातून, जुन्याच क्रमाने. तिचा नंबर माझ्या पुढचा. आपलं नाव आलं की मोठ्याने 'हजर' म्हणायचं आहे. ती सात नावंही सर वाचणार आहेत. त्या वेळी बोलू नका, थोडं थांबा आणि मग पुढच्या नंबराने हजेरी द्या.